मालक, गट, इतर

गांधीबागेत, साड्यांच्या दुकानावर
दुसऱ्या माळ्यावर क्लास.
हेडाऊ मॅडम चोवीस वर्षांच्या,
मी एक्कावन्नचा.
पोरं मला काका म्हणतात, मॅडम सर म्हणतात,
काळा पडदा काहीच म्हणत नाही,
नुसता कर्सर लुकलुकतो:
बोल बे, काय पाहिजे?

ऑफिसात फर्मान निघालं, रेकॉर्ड सगळं सर्व्हरवर.
परीक्षा पास झालो तर रेकॉर्डरूम माझी,
नाही तर आवक-जावकची खिडकी.

पहिल्या दिवशी शिकलो,
आपण कुठं उभे आहो हे मशीनला विचारता येतं.
पीडब्ल्यूडी म्हणायचं.
मला हसू फुटलं. आमच्या इमारतीत
त्या खात्याला रस्ता विचारून
कोणी पोचल्याचं ऐकिवात नाही.

टार म्हणजे बस्ता. लाल कापड, चार गाठी.
जीझिप म्हणजे वर गुडघा ठेवून आवळणं,
हे मला शिकवू नका.
ग्रेप माझ्या बोटात होतं तीस वर्षं, थुंकी लावून.
टिंबानं सुरू होणारी फाइल साध्या यादीत दिसत नाही,
आमच्या कपाटामागं अशा चार होत्या.
आरएम पुन्हा विचारत नाही.
वाळवी तरी कुठं विचारत होती?

मग तिसऱ्या आठवड्यात,
पारा सेहेचाळीस, कूलरचा पंप जळलेला, ताट्या कोरड्या ठक्क,
मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
वाचणं चार, लिहिणं दोन, चालवणं एक.
मालक, गट, इतर.
सहा-चार-शून्य.
"शून्य म्हणजे सर, इतरांना काहीच नाही."

सुगंधाबाई रंगारी, राहणार पाचपावली.
अकरा गुरुवार आल्या नझूलच्या नकलेसाठी,
कापडी पिशवीत नवऱ्याचा मृत्यूचा दाखला,
घड्या पडून पडून चार तुकडे झालेला.
फाइल तिसऱ्या रॅकवर, खालून दुसऱ्या बस्त्यात.
मी वाचली होती. सगळं बरोबर होतं.
मी म्हणालो, साहेब नाहीत.
मी म्हणालो, साहेब मीटिंगात आहेत.
एकदा साहेब होते,
तर म्हणालो, जेवून राहिले.
वरून कोणी अडवलं नव्हतं.
नियमात नव्हतं.
ते शून्य माझ्या अक्षरातलं होतं.
बाराव्या गुरुवारी खिडकीशी कोणी नव्हतं
आणि मी चहा प्यायला गेलो.

मी विचारलं, मॅडम, इतरांतल्या माणसानं मग काय करायचं?
म्हणाल्या, मालकानं परवानगी बदलायची.
नाही तर सुडो,
पण त्याची नोंद राहते सर,
कोण, किती वाजता, कोणती कमांड.
मागची पोरं गप्प झाली.
मला बरं वाटलं.
तीस वर्षं माझ्या नावानं कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

परीक्षा धरमपेठेत, एसीत, चाळीस प्रश्न.
ऐकत नसलेली प्रोसेस हमखास बंद करायला कोणता आकडा?
नऊ, माहीत होतं.
मी पंधरावर टिचकी मारली, आधी विनंती करावी माणसानं.
तो एक गेला. बाकी निभावलं.

सोमवारी झाडूवाल्याच्याही आधी ऑफिसात.
हू-ॲम-आय टाकून पाहिलं, उगाच.
सोनकुसरे, म्हणालं.
मग शोधलं. रंगारी, पाचपावली, नझूल,
स्कॅन थोडं तिरकं, कोपऱ्यात माझाच अंगठा आलेला.
सुडो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही,
हेही शिकलो होतो, तरी दोनदा चुकलो.
दोन प्रती काढल्या. फी माझ्या खिशातून, पावती फाडली.
लॉग उघडून बघितला:
सोनकुसरे, नऊ वाजून चार मिनिटं.

संध्याकाळी गाडी पाचपावलीच्या पुलाखाली लावली.
पानठेल्यावर विचारलं.
तो म्हणाला, कोणती रंगारी?
इथं अर्धी गल्ली रंगारीच आहे.