फक्की

फक्की मारताना मागं मागं सरकावं लागतं,
म्हणून येणाऱ्याची सावली मला आधी दिसते,
माणूस नंतर.
डिसेंबरातल्या त्या रविवारी, कॅम्पातल्या मैदानावर,
सावलीच्या खांद्यावर बॅट नव्हती.

सातेरी मुतगेकर.
चंदगडपासून चिकोडीपर्यंत टेनिस बॉलच्या मैदानांवर
ज्याचं नाव भोंग्यातून येण्याआधी पैसे ठरायचे:
मॅचला दोन हजार, सिक्सरला शंभर वेगळे,
वर जाण्यायेण्याचं पेट्रोल.
निपाणीत त्यानं मारलेला चेंडू
तंबाखूच्या वखारीवर गेला तो गेलाच;
तिकडं अजून कुणी लागोपाठ शिंकलं की म्हणतात,
सातेरीचा बॉल सापडला वाटतं.

यंदा फोन आला नाही.
खांदा फिरवला की आत बिजागरी वाजते
हे त्यानं लपवलं होतं,
पण भोंगेवाल्यांनाही कान असतात.

उद्यमबागेतल्या फौंड्रीची टीम, अकरावा आलाच नव्हता.
इनास मास्तर म्हणाले,
"उभा तरी राहा की ओ, मोजायला."
बूट मक्तुमचे, एक नंबर लहान.

पहिलाच चेंडू उंच आला
आणि सातेरीनं तो झेलला.
काय झेलला!
मागं धावत, खांद्यावरनं बघत,
दोन्ही तळव्यांत, पडणारं अंडं धरावं तसा.
वर उडवला, आणि वळला टाळ्यांसाठी.
रेफ्रीचं हसू शिट्टीतनंच बाहेर पडलं,
तुकड्यातुकड्यानं.

त्यानंतर त्याला हातांचं काय करावं कळेना.
चड्डीला खिसा नव्हता.
मागं बांधले तर चौकीत उभा, पुढं बांधले तर देवळात.
अठरा वर्षं ज्यांनी घर चालवलं ते दोघं
बोलावणं नसलेल्या थोरल्या भावांसारखे
मांडवाच्या कडेकडेनं.

इरण्णा ओरडत होता, "कोडो, कोडो!"
दे म्हणून.
सातेरीला कानडी येतं, बाजारापुरतं, भांडणापुरतं;
त्याच्या पायाला मात्र कुठलीच भाषा येत नव्हती.

हाफटाइमला मास्तर म्हणाले,
"गोलात उभा राहा. तिथं हात चालतात."
सातेरीनं चहाचा कप खाली ठेवला.
"नको मास्तर."
एवढंच. कारण विचारायला कुणाला सवड नव्हती.

मग ते झालं, माझ्या बाजूला.
चेंडू घरंगळत माझ्या रेघेवर आला,
सातेरी त्याच्या मागं, एकटा, पुढं सगळं मोकळं.
आणि तो थांबला.
कमरेवर हात ठेवून परत फिरला,
चौकार गेल्यावर फिरतात तसा.
समोरच्यांनी चेंडू उचलला नाही, नुसता पायानं नेला,
आणि आमच्या जाळीत घातला.
ओरडणाऱ्यांना ओरडू देऊन तो माझ्याकडं आला.

"काका, रेघेला लागला होता की."
"लागला होता."
"मग?"
"तुमच्यात दोरीला शिवला की बाहेरचा.
ह्यात पुरता पलीकडं जाईस्तोवर आतला.
केसभर जरी रेघेवर असला, तरी आतला."

तो रेघेकडं बघत राहिला.
"कुणी ठरवलं हे?"

माझी बहीण शिनोळीला दिलेली.
तिच्याकडं जाताना एसटीचा रंग बदलतो,
आमटीचा नाही.
पण त्यानं ते विचारलं नव्हतं.
म्हटलं, "ठरवणारे वेगळे, बाबा. मी फक्की मारतो."

चार-शून्य. सगळे गेले.
लाल माती पायांना होती,
नळावर त्यानं हात धुतले.
मग परत आला, मक्तुमचे बूट काढून, अनवाणी,
चेंडू रेघेवर ठेवला,
अंगठ्यानं बोटभर सरकवला,
वाकून बघितलं.
अजून बोटभर.
परत वाकला.

टाचेनं माझी रेघ पुसत चालली होती.
मी काही बोललो नाही.
दुपारी परत मारायचीच होती.