मासळी वाळते तोवर

पहाटे चारला मलावीचं सरोवर अजून शिशाच्या रंगाचं.
एलुबी वाळूत गुडघे टेकते,
उजवा आधी; डाव्यात वात आहे.

परवापर्यंत तिची यादी देवालाच पाठ होती:
वाटिपासोला जोहान्सबर्गात कायमची नोकरी,
होडीला इंजिन, छपराला दोन पत्रे,
आणि म्वेरा वारा यंदा जरा उशिरा सुटू दे.
शेवटी घाईघाईत 'तुझी इच्छा असेल तर',
दुकानदाराला 'जमलं तर बघा' म्हणावं तसं.

काल न्यागोंडवेच्या शेळ्यांनी
वेळूचा माळा पाडला.
तीन दिवसांची उसिपा, बोटाएवढी मासळी,
सगळी वाळूत.
आणि एलुबी, चर्चच्या महिला मंडळाची पुढारी,
इस्त्रीचा पांढरा सदरा खुंटीला टांगलेली एलुबी,
बोलून गेली:
उगाच नाही तुझी तिन्ही लेकरं मातीत गेली.

न्यागोंडवे काही बोलली नाही.
चर्चला ती फारशी येतही नाही.
खाली बसली,
एकेक मासा उचलून
फुंकर घालून वाळू उडवत राहिली,
अंधार पडेस्तोवर.
मग टोपली दाराशी ठेवून गेली.

प्रभू, आज यादी नाही.
पत्रे गळू देत. इंजिनाचं राहू दे.
मला ती फुंकर दे.
तुझीच आहे ना ती?
मी उगाच वेदीपाशी शोधत होते इतकी वर्षं.
आणि ही जीभ आहे ना माझी,
तिला तुझ्या गप्प राहण्यातलं थोडं दे.
मागताना भीती वाटते, खोटं कशाला सांगू.
तुझी द्यायची रीत ठाऊक आहे मला:
सहनशीलता मागितली
की तू शेळ्या पाठवतोस.

ती थांबते. लाट येते, पायाशी फेस ठेवून जाते.
आणि वाटिपासोचं...
निघालंच नाव ओठांतून,
त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'त्यानं दिलं'.
असो. हे ऐकलं नाहीस असं समज.
किंवा ऐक.

चितेंज्याला पुसत ती उठते.
अर्धी मासळी टोपलीत भरते, मग अर्ध्याहून जास्त.
काय बोलायचं ते वाटभर जुळत नाही.
न्यागोंडवेच्या अंगणात
शेळी पुन्हा सुटलेली.
एलुबी दोर पकडते
आणि दार उघडेपर्यंत
तशीच उभी राहते.