डावा घोटा

गेल्या वर्षी हेरंबने मिक्सर दिला होता,
त्याच्या आदल्या वर्षी इस्त्री.
यंदा पाकीट.
आत दोन तिकिटं, अकोट्याचं नगरगृह, रांग ई,
आणि पाकिटावर त्याच्या तिरप्या अक्षरात: त्रेपन्न.
बस्स. जणू मीटरचं रीडिंग.

पुलावर त्याने स्कूटर हळू केली.
खाली विश्वामित्री. एखादी मगर दिसते का ते बघायची
त्याची लहानपणापासूनची सवय.
नाही दिसली.
मी पदर सावरत म्हटलं, चल, पहिली घंटा झाली असेल.

मग अंधार, आणि अंधारातून एकदम
मिठाच्या गोणी घेऊन निघालेला तांडा,
चाळीस माणसं, ढोल, झांजा,
घागऱ्यांचे घेर असे की पहिल्या रांगेला वारा लागावा.
रणातून चालत निघालेली एक मुलगी,
तिचा हरवलेला उंट, तिचं ठरलेलं लग्न, तिचं नको म्हणणं,
सगळं गाऊन, सगळं नाचून.
शेजारच्या बेन माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या,
"जोरदार छे, नहीं?"
मी म्हटलं, हो. छे.

पण खरं सांगू?
एकतीस वर्षं मी लोकांचे गुडघे हातात घेऊन बसले आहे.
माणूस दवाखान्याच्या दारातून आत येतो
तेव्हा चेहरा मला नंतर दिसतो,
आधी चाल.

म्हणून मागच्या ओळीत, उजवीकडून तिसरी,
पोपटी ओढणी,
तिचा डावा घोटा.
उडी दोन्ही पायांवरून,
उतरणं फक्त उजव्यावर.
गिरकी सगळ्यांसारखीच,
पण अर्धी मात्रा आधी संपवलेली.
घुंगरांखाली कातडीच्या रंगाची पट्टी,
कुणीतरी घाईत बांधलेली.
चुकीची बांधलेली.

आठशे माणसं बसली होती.
रंगमंचावर सगळ्यांत मोठं हसू तिचं होतं.

थांब गं, म्हटलं मी, ओठ न हलवता,
दोन आठवडे पाय टेकवू नकोस,
या वयात फाटलेलं साधतं, पण सांभाळलं तर.
आणि त्याच दमात:
थांबू नकोस.
घे ती पुढची गिरकी.
हे म्हणणारी मी,
जिच्या भिंतीवर तीन भाषांत तक्ता आहे,
दुखलं की थांबा.

खुर्चीखाली माझा डावा पाय
आपोआप जमिनीला रेटा देत होता,
तिचं थोडं वजन इकडे येईल तर येऊ दे,
असं काहीतरी, मूर्खासारखं.
हेरंब खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होता,
प्रत्येक सम चुकवत, आनंदात.

शेवटी उंट सापडला. कापडाचा, आत दोन मुलगे.
टाळ्या. सगळे उभे.
ती वाकली, आणि उठताना
शेजारणीच्या खांद्यावर तिने हात टाकला.
"केवढा जीव आहे एकमेकींवर," मागून कुणी म्हणालं.
मी त्याला दुरुस्त केलं नाही.

बाहेर स्कूटरपाशी हेल्मेटचा पट्टा लावत
त्याने विचारलं, "कसं होतं?"
मिक्सरच बरा होता का, अशी धाकधूक आवाजात.

मी म्हटलं, आज रात्रीच बर्फ लावायला हवा.
"कुणाला?"

चल, म्हटलं. पुलावर हळू घे.