मिठाची गुळणी

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, आणि सावलीत बत्तीस डिग्री.
एल्कनी थंडीची लोकर अंगावर चढवलीय,
दिवस आखडले की ती चढते, ऊन असो नसो.
पलीकडच्या खोऱ्यात रान जळतंय कुठेतरी,
आमच्या डब्यातल्या पावालाही त्या धुराची चव.

एरवी या दिवसांत बिटररूट झोपू देत नाही.
नरांच्या शिळा या सोंडेवरून त्या सोंडेवर,
उंच चढत जाणाऱ्या, आणि शेवटी
गंजलेल्या फाटकासारख्या कुरकुरणाऱ्या.
यंदा नऊ दिवस झाले,
हूं नाही की चूं नाही.
अख्ख्या डोंगरानं तोंडात मिठाची गुळणी धरलीय.

गाड्या लावतो तिथे ज्याचा त्याचा सिद्धांत.
वेंडेल म्हणतो, लांडग्यांनी तोंडं बंद केली.
त्याचा मेहुणा म्हणतो, पौर्णिमा आहे, रात्रीच उरकतात सगळं.
ऑरिन, माझ्या आईचा धाकटा भाऊ,
काहीच म्हणत नाही. वाकून बुटाची नाडी बांधतो.

एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
करवतीशेजारी उभा राहिलेला माणूस.
कानातली यंत्रं तो ट्रकच्या कप्प्यात ठेवून येतो,
मध्येच शिटी मारतात म्हणे.
सहा सप्टेंबर गेले, त्याला एकही शीळ ऐकू आलेली नाही.
मी ऐकायचे, बोट दाखवायचे,
आणि तो त्या बोटामागून चालायचा,
पन्नास वर्षं ज्यानं हा डोंगर पायाखाली घातला, तो.

यंदा माझं बोट खिशात.
यंदा तो पुढे, मी मागे.

उत्तरेच्या उतारावर, जिथे फरखाली दुपारीही तिन्हीसांज असते,
तो थांबला आणि नाक वर केलं.
घोड्याचा घाम, त्यात मुताचा उग्र दर्प.
मला येत नव्हता. त्यानं खूण केल्यावर आला,
आणि मग इतका आला की आधी कसा नव्हता कळेना.
खाली लोळणीचं डबकं, पाणी अजून गढूळ.
एका बुंध्याला ओला चिखल, माझ्या खांद्याच्या उंचीवर.
त्यानं मला वरच्या अंगाला बसवलं.
डासांसकट दोन तास.

मग कोपरावर त्याचं एक बोट.

मी काहीही ऐकलं नव्हतं. शपथ.
तीनशे किलोचं जनावर, शिंगांना सहा-सहा फाटे,
आणि वाटेत एक वाळकी काडी मोडली नव्हती.
पंचवीस पावलांवर. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं,
टप्.
टप्.
मी दोरी ओढली, गालाला टेकवली.
खांद्यामागची हवी ती जागा नेमकी एका फांदीआड.
एक पाऊल टाक रे. एकच.
दंड थरथरायला लागला, मी आकडे मोजत होते,
चाळीस, एक्केचाळीस,
आणि मानेवरच्या घामाला मागून गार लागलं.
संध्याकाळची हवा उतरायला लागली होती,
रोजच्यापेक्षा पाचेक मिनिटं लवकर.

गेला तेव्हा मात्र सगळं रान मोडत गेला.
दोरी हळू सैल सोडली, वळून पाहिलं,
तर ऑरिन हसत होता,
उजवा तळवा जमिनीवर पसरून,
आणि डाव्या हातानं मला थांब म्हणत होता,
अजून येतंय.

अंधारात खाली आलो.
वेंडेलनं काच उतरवून विचारलं, काही ऐकलंत का आज?
ऑरिननं त्याचे ओठ वाचले, मान हलवली:
एक अक्षर नाही.

माझ्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता,
महिनाभर पाऊस नसलेल्या मुलखात.
मी पाय गाडीखाली सरकवले.