पूर्वानुभवाचा रकाना

थंडर बेच्या विद्यापीठात, संध्याकाळच्या वर्गांच्या खिडकीशी
मी बसतो. बाहेर उणे अठ्ठावीस.
लोक आत येतात, आधी चष्मा पुसतात,
मग विचारतात, उशीर तर नाही ना झाला?
शुक्रवारपर्यंत मुदत आहे, मी सांगतो.
ते मुदतीबद्दल विचारत नसतात, हे कळायला
मला सहा वर्षं लागली.

तैमी हार्यू, वय त्रेपन्न,
सरोवराकाठच्या धान्यकोठारांवर तीस हिवाळे.
औद्योगिक सुरक्षिततेचं प्रमाणपत्र हवं होतं:
सात विषय, दोन वर्षं, मंगळवार आणि गुरुवार.
त्याशिवाय पर्यवेक्षकाची जागा नाही,
असं तिला ज्या मुलाने सांगितलं
त्याला शिडी कुठे धरायची हे तिनेच शिकवलं होतं.

अर्जात एक रकाना असतो: पूर्वानुभव.
त्यावर श्रेयांक मिळू शकतात. जागा तीन ओळींची.
तिने पेन्सिलीने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
पट्टा धावत असताना आवाजावरून ओळखते,
कुठलं बेअरिंग जाणार.
धूळ किती साचली की एक ठिणगी पुरेल, ते जिभेवर कळतं.
सत्त्याण्णव साली, चौथ्या मजल्यावर
इथे ओळी संपल्या.

तिने सहा मागितले, समितीने तीन दिले.
शेरा: ऐकणे मोजता येत नाही.
पत्र मीच टाइप केलं. पाकिटाची कड ओली करताना
वाटलं, आपण कुणाची तरी चहाडी करतोय.
श्रेय निराळं, त्याला अंक चिकटला की
ते भलत्याच कुणाच्या मालकीचं होतं.
ती आली. म्हणाली, तीन म्हणजे निम्मे की.
आणि उरलेल्या विषयांचे पैसे भरले,
वीस-वीसच्या नोटा, दोनदा मोजून.

खोली एकशे चौदा.
शेजारी रोझालिंडा माकाराएग, वृद्धाश्रमातली पाळी संपवून थेट,
बाहीवर कुणाच्या तरी सूपचा डाग.
पलीकडे डेक्स्टर, रुग्णवाहिका चालवतो,
डोळे उघडे ठेवून झोपायचं त्याला साधलंय.
तिघांत मिळून एक कॅल्क्युलेटर.
तैमीचं दप्तर मुलीच्या शाळेतलं,
त्यावर अजून एक जांभळा घोडा उधळलेला.

फेब्रुवारीत, ऐन परीक्षेत,
तिने मान वर केली आणि छताकडे बघत राहिली.
सरांना वाटलं, आठवतेय काहीतरी.
हीटरचा पंखा, ती म्हणाली. डावं बेअरिंग. रविवार बघणार नाही.
आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

शनिवारी रात्री पाइप गोठले.
मंगळवारी सगळा वर्ग कोट घालून बसला,
वाक्यागणिक सरांच्या तोंडून वाफ.
ते तिच्याकडे बघत नव्हते.
ते समितीवर होते.

जूनमध्ये प्रमाणपत्रं छापली. नावं मी तपासतो,
तिच्या आडनावातलं एक अक्षर यंत्राने खाल्लं होतं,
ते परत मिळवायला अकरा दिवस गेले.
तासाला एक डॉलर चाळीस सेंट वाढ, तिने सांगितलं,
जणू हवामान सांगावं तसं.
मग कागद डब्याच्या पिशवीत, राईच्या पावाशेजारी उभा केला,
तो मावेना. घडी घातली तर चालते का?
नका घालू, मी म्हणालो,
जरा मोठ्यानेच. रांगेतले दोघे वळून बघायला लागले.

एक कोरा अर्ज माझ्या खणात आहे, स्टेपलरखाली.
माझी पदवी एका विषयावर अडकली, त्याला बावीस वर्षं झाली.
पूर्वानुभव: तीन ओळी.
पहिलीवर पेन टेकतं आणि शाईचा
नुसता ठिपका मोठा होत जातो.
वर नवा पंखा फिरतोय. आवाज अजिबात नाही.
तरी मी कान देऊन बसतो.