चार सड

पाडव्याला पंचगंगेकडं निघालेल्या म्हशींत
मल्लाप्पाची चिमणी होती.
शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांचा पट्टा,
कपाळावर जन्माचा चांद.
इराण्णानं मोबाईलवर फोटो काढला, आणि बरा आला.
इथवर सगळं ठीक.

मग फोटो माझ्याकडं आला,
कारण गल्लीत रंगीत प्रिंटर माझ्याच घरी,
पोरीच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी घेतलेला.
ती पुण्याला गेली तेव्हापासून
त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सवय लागलेली.

पहिली चिमणी हिरवी आली.
शेवाळलेल्या हौदासारखी हिरवी.
मल्लाप्पानं चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला.
"वैनी, ही म्हस न्हाई. ही बेडकी हाय."

नंतर पट्टे पडले, अंगभर आडवे पांढरे,
जशी म्हैस चिकाच्या पडद्याआड उभी.
मग माझ्याकडून कागद उलटा गेला;
शाई वाळेचना,
इराण्णाच्या अंगठ्याला लागून अर्धं पोट निघून आलं.
मग बोट 'बॉर्डरलेस'वर पडलं
आणि ती पंढरपुरी शिंगं,
खांद्यामागं तलवारीसारखी गेलेली,
दोन्हीकडं टोकं छाटून आली.
यावर मल्लाप्पा काहीच बोलला नाही.
उठून दारात जाऊन उभा राहिला.

एक कागद अठरा रुपयांचा.

शेवटी नोझल चेक केलं.
चार रंगांच्या पायऱ्या उतरतात कागदावर:
काळ्या सलग, निळ्या सलग, पिवळ्या सलग,
गुलाबीच्या जागी दोन ठिपके आणि पुढं कोरं.
मल्लाप्पा आत आला. कागद बघितला,
मग वाकून यंत्राच्या पोटाखाली बघितलं.
"चार हाईत न्हवं? त्यातला एक सड तुंबलाय.
वरीसभर धार काढली न्हाईसा, दुसरं काय हुनार!
जोर लावू नगासा. कोमट पाण्यानं शेका."

मी तोवर हेड क्लीनिंग चारदा केलं होतं.
दर वेळी प्रिंटर कण्हायचा,
टाकीतली शाई बोटभर खाली जायची,
गुलाबी जिथल्या तिथं.
जोरच लावत होते मी.

शाहूपुरीतल्या बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड पाणी आणलं,
कोमट केलं,
मऊ सुती फडक्याची घडी भिजवून हेडखाली सरकवली.
मल्लाप्पा रात्री चिमणीला घेऊन
गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेला,
मी दिवा बंद करून झोपले.
सकाळी फडक्यावर एक ओला गुलाबी डाग होता,
रुपयाएवढा.

आता कागदाची चकचकीत बाजू वर.
सेटिंगलाही चकचकीत. कडा सोडून.
सावकाश, ओळीमागून ओळ, शिंगाच्या टोकापासून चिमणी आली.
मी म्हटलं, काळा अजून नीट नाही,
या कागदावर काळी बाटली वापरतच नाही हा,
तिन्ही रंग कालवून काळं करतो.
"मग बराबर करतोय की.
नुसती काळी म्हस कुठं बघितलीसा?
खांद्याला निळी मारती, पोटाला तांबूस,
पाण्यातनं वर आली की इचारू नगासा."

मग बोट कपाळावर ठेवलं, चांदावर.
"ही पांढरी बाटली कंची?"
नाही, म्हटलं. पांढरं कागदाचंच असतं.
तिथं प्रिंटर काही करत नाही. तेवढी जागा सोडतो.

तो बराच वेळ बघत राहिला.
टेबलावर त्यानं आणलेलं दूध होतं,
त्यावर साय धरायला लागली होती.

जाताना उंबऱ्यातनं म्हणाला,
"आठवड्याला एकदा पिळत जावा, वैनी.
गिऱ्हाईक असू दे, नसू दे."

सोमवारी आमच्याकडं लाईट नसते.
म्हणून मंगळवारी,
पोरीच्या जुन्या प्रकल्पांचे पाठकोरे कागद घेते,
इस्त्रीचे कपडे खाली उतरवते,
आणि चार पायऱ्या काढते.
काळी, निळी, पिवळी.
गुलाबी.