अकरा सेंटला एक नाव

अकरा सेंटला एक नाव, किमान हजार घ्यावी लागतील,
फोनवरचा माणूस म्हणाला. आवाज कोवळा, घसा बसलेला.
त्याच्याकडे डलुथमधली सगळी घरं होती,
छपरांसकट, कर्जांसकट,
कोण कधी राहायला आलं, कुणाला मूल झालं,
कोण पोत्यानं पाखरांचे दाणे विकत घेतं.
"तुम्हाला नेमकं कोण हवंय?"

मला, म्हटलं, धुराडी हवी आहेत.

असा रकाना नव्हता.
थोडं शोधून म्हणाला, चाळीस सालाआधीची घरं देतो,
मालक स्वतः राहणारा, वय पंचावन्नच्या पुढं.
"अशांच्या घरी शेकोटी असतेच, मॅडम."
असतेच. माझ्या आईच्या घरीही होती.
तिच्यात ती शिलाईचं मशीन ठेवायची.

एकशे दहा डॉलर. वर छपाई, वर तिकिटं.
कपाटात गेल्या सालची कार्डं उरलेली:
मार्यात्ता कांगस. धुराडी, भट्ट्या, काजळी. पस्तीस वर्षांचा अनुभव.
(चौतीस. टोइव्होनं छापताना भावाच्या मायेनं एक वाढवलं.)
तेव्हा सरसकट टाकली होती, दिसेल त्या दारात,
भाड्याच्या खोल्यांत, दातांच्या दवाखान्यात,
अंधारात दगड भिरकावावेत तशी.
चारशे कार्डांमागं एक फोन आला,
तोही मांजर छपरावर अडकलं म्हणून.
गेले. शिडी होतीच.

दुसऱ्या दिवशी पारा शून्याखाली वीस.
वारा पडलेला, सरोवरावर वाफ.
गाडी टेकडीवरच्या रस्त्याला लावली,
काच खाली केली, थर्मासचं झाकण मांडीवर,
आणि पाहिलं तर
अख्खं गाव आपापलं नाव वर पाठवत होतं.

पांढरा, पातळ, घाईत विरणारा: गॅस. सोडून द्यायचा.
निळसर, सरळ: सुकं बर्च, माणूस शहाणा, दोन वर्षांनी बघू.
आणि तो पिवळट, जड, आळशी धूर
जो छपरावरून घसरत शेजाऱ्याच्या खिडकीशी जातो,
ओलं सरपण, रात्रभर कोंडलेला जाळ,
आत बोटभर डांबर.
हा माझा.

थंडीत पेन गोठतं, पेन्सिल गोठत नाही.
लिहीत गेले: सातवा रस्ता, हिरवं दार.
चर्चच्या मागचं, पडवीत उलटी होडी.
साडेनऊपर्यंत त्रेसष्ट घरं झाली
आणि नाव एकाचंही ठाऊक नाही.
खाली उतरून दारोदारचे आकडे तेवढे टिपले.

कार्डावर हातानं लिहिलं:
तुमचा धूर मला वरून दिसला. पिवळा आहे. फोन करा.
टोइव्हो म्हणाला, ही धमकी वाटते.
मी "कृपया" घातलं.

चौसष्टावं घर मी का घेतलं, सांगता येत नाही.
उंच विटांचं धुराडं, धूर नाही,
कडेवरचा बर्फ जसाच्या तसा,
पण दारापर्यंत वाट नीट साफ केलेली.
तुमचा धूर दिसला नाही, एवढंच लिहिलं. कृपयासुद्धा नाही.

एकोणीस फोन आले. दोन भांडायला.
यादीवाल्यानं विचारलं, मग ठरलं का?
नव्वदला देतो म्हणाला, मग ऐंशीला.
मी त्याला विचारलं, तुझ्या गावी थंडी किती?
तो फिनिक्सहून बोलत होता. बिचारा.

विसावा फोन मार्चमध्ये.
हाल्व्होर स्लेटन, चौसष्टावं घर.
"धूर दिसणार नाही," म्हणाला, "आत घरटी आहेत. पाकोळ्यांची.
मे महिन्यात येतात, पेरूपासून,
बरोब्बर ह्याच भोकात.
तेव्हा ब्रश आणू नका. आणि मला यादीतून काढा."

काढलं.
म्हणजे रेघ मारली, आणि रेघेच्या बाजूला पेन्सिलनं
पाकोळ्या, मे, संध्याकाळी
असं लिहून ठेवलं. शिडीशिवाय जायचं.